व्हीनस फ्लायट्रॅपचे सिग्नल घरी कसे बघायचे

घरी व्हीनस फ्लायट्रॅप (पानांच्या सापळ्यात किडे पकडून खाणारं झाड) असेल तर येता-जाता ट्रॅप, म्हणजे तो सापळा, मिटवून बघायचा मोह आवरा, एक ट्रॅप मोजक्याच वेळा मिटतो आणि मग वाळतो. त्यापेक्षा एकदाच करा पण नीट बघून करा. झाड उन्हातलं, टवटवीत आणि ट्रॅप पूर्ण उघडा पाहिजे, थंडीत सुस्तावलेल्या झाडावर काही कळत नाही.

ट्रॅपच्या आत दोन्ही बाजूंना साधारण तीन-तीन बारीक केस असतात, तिरक्या उजेडात दिसतात. टूथपिकने एकच केस हलकासा वाकवा. काही होणार नाही. १०-१५ सेकंदांत परत वाकवा, खटकन मिटेल. दुसऱ्या ट्रॅपवर हेच करा पण मध्ये दोन मिनिटं जाऊ द्या, तो बहुतेक उघडाच राहील.

गंमत अशी की पहिल्या स्पर्शालाही विजेचा अख्खा सिग्नल गेलेला असतो. (हा सिग्नल बर्डन-सँडरसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८७३ मध्येच मोजला होता!) फरक पडतो कॅल्शियमने. प्रत्येक सिग्नलला पेशींत कॅल्शियम वाढतं आणि मग हळूहळू उतरतं, ते उतरायच्या आत दुसरा सिग्नल आला की पातळी ठराविक रेषा ओलांडते आणि ट्रॅप मिटतो. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी कॅल्शियम वाढलं की चमकणारं प्रोटीन झाडात घालून हे दाखवलं, तेवढं घरी जमणार नाही.

वीज मात्र जमते. झाडांसाठीचा छोटा अँप्लिफायर (बारीक सिग्नल मोठा करून दाखवणारं यंत्र) घेऊन लॅपटॉपला जोडा, चांदीची तार ट्रॅपच्या बाहेरच्या बाजूला जेल लावून टेकवा, ग्राउंडची तार ओल्या मातीत. ईसीजीचा बोर्ड वापरणार असाल तर आधी त्याचा हाय-पास फिल्टर (संथ सिग्नल गाळून टाकणारा भाग) बघा, झाडाचा सिग्नल हृदयाच्या मानाने फार संथ असतो त्यामुळे फिल्टर तो खाऊन टाकतो. लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा, नाहीतर स्क्रीनवर नुसती घरच्या वीजपुरवठ्याची गुणगुण दिसेल. आणि रेकॉर्ड करायचा तो पहिलाच स्पर्श, दुसऱ्याला ट्रॅप हलतो, तार सरकते आणि खरा सिग्नल कुठला ते ओळखता येत नाही.

मिटलेला रिकामा ट्रॅप एक-दोन दिवसांत आपोआप उघडतो. तेवढ्यात त्याला चोळू नका, आतले केस हलून सिग्नल पाचाच्या आसपास गेले की झाड पचवायच्या तयारीला लागतं आणि उगाच रस वाया घालवतं. मेलेला किडा घातला असेल तर मात्र हलकं चोळावंच लागतं, तो बिचारा स्वतः हलणार नाही ना.