पट्टी म्हणते क्लोरीन आहे, पाणी मात्र हिरवं: स्टॅबिलायझरच्या या चुका टाळा

मी पोहण्याच्या पुलांचं पाणी सांभाळतो. मे महिना लागला की फोन सुरू होतात आणि सगळ्यांची तक्रार एकच असते: "दादा, पाणी हिरवं झालंय, पण पाणी तपासायच्या पट्टीवर क्लोरीन तर दिसतंय." मीही एकच विचारतो, गोळ्या कधीपासून टाकताय? "पूल बांधल्यापासून." झालं. पुढचं मला न बघता सांगता येतं.

बाजारात टीसीसीए ९० नावाच्या ज्या पांढऱ्या गोळ्या मिळतात, त्यांत नुसतं क्लोरीन नसतं. किलोभर गोळ्या विरघळल्या की साधारण ५५० ग्रॅम सायन्युरिक अ‍ॅसिड पाण्यात उतरतं. तोच आपला स्टॅबिलायझर. क्लोरीन काम करून संपतं, उन्हात उडतं. स्टॅबिलायझर उडतही नाही आणि फिल्टरमध्ये अडकतही नाही. पाणी बाहेर गेलं तरच तो जातो. मुंबईच्या उन्हात त्याच्याशिवाय क्लोरीन दोन-तीन तासांत जवळपास संपतं, म्हणून थोडा हवाच. ३० ते ५० पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात तेवढे भाग) पुरे. त्यापुढे तो क्लोरीनला सांभाळत नाही, धरून बसतो. पट्टी हे धरलेलं क्लोरीनही मोजते. शेवाळाला त्याचं काही वाटत नाही.

हिरवं झालं म्हणून आणखी गोळ्या

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मुंबईत मढला एका बंगल्यात ६०,००० लिटरचा पूल आहे. मालक निवृत्त, रोज सकाळी पोहणारे; मी त्यांना काका म्हणतो. गणपती झाल्यावर त्यांनी सगळं पाणी बदललं आणि तेव्हापासून फ्लोटरमध्ये, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या गोळ्यांच्या डबीत, आठवड्याला २०० ग्रॅमच्या चार गोळ्या टाकायचे. फिल्टर कार्ट्रिजचा, म्हणजे बॅकवॉशच्या (उलट्या प्रवाहाने फिल्टर धुण्याच्या) निमित्ताने जे थोडं पाणी जातं तेही नाही. त्या पुलात एका गोळीने जवळपास २ पीपीएम स्टॅबिलायझर वाढतो. आठवड्याचे ७ धरा. सप्टेंबर ते मे म्हणजे ३४ आठवडे. गुणाकार तुम्हीच करा.

काकांनी तो केला नव्हता. भिंती बुळबुळीत लागायला लागल्या तेव्हा त्यांनी 'शॉक' दिला, म्हणजे एकदम भरपूर क्लोरीन टाकलं, तोही त्याच गोळ्या कुटून! (गोळ्या कुटू नका. ती धूळ नाकात गेली की कळतं.) मी पोचलो तेव्हा पट्टीवर क्लोरीन ३, पायऱ्यांवर हिरवा थर आणि खांद्यावर टॉवेल टाकून काका उभे. स्टॅबिलायझर मोजायच्या नळीत औषधाने गढुळलेला नमुना ओतायला लागलो (स्टॅबिलायझर जितका जास्त, तितका गढूळ), तर तळाचा काळा ठिपका १०० ची खूण यायच्या आधीच दिसेनासा झाला. ती नळी १०० च्या पुढे बोलत नाही. मग पुलाचं पाणी एक भाग आणि नळाचं तीन भाग असं मिसळून पुन्हा मोजलं. ६० आलं, त्याला चारने गुणलं. २४०.

"अरे, पण क्लोरीन ३ आहे ना?" काका म्हणाले.

"काका, २४० ला ३ म्हणजे शंभर पानांच्या पंगतीला एक वाढपी."

माझा ठोकताळा असा: स्टॅबिलायझरच्या आकड्याला १३ ने भागायचं, निदान तेवढं क्लोरीन रोज हवं. ४० असेल तर ३ चालतं. २४० ला १८ लागतं, आणि तेवढं कुणी ठेवत नाही.

लगेच सगळा पूल रिकामा करणं

शनिवारी नातवंडं यायची होती. काकांचं म्हणणं, सगळं पाणी सोडू, टँकर बोलावू, मोकळे होऊ. ही घाई मी दर वर्षी बघतो आणि दर वर्षी भांडतो. मेअखेर तलाव तळाला गेलेले असतात; २०२४ मध्ये ५ जूनपासून महापालिकेने १० टक्के कपात केली होती. अशा वेळी येणारा टँकर बहुतेकदा बोअरवेलचा, पाणी जड. स्टॅबिलायझर जातो आणि टाइल्सवर पांढरे क्षार येतात. तिसरं कारण सगळ्यात महाग. खाडी-समुद्राजवळ जमिनीखालचं पाणी वर असतं. भरलेला पूल स्वतःच्या वजनाने बसून राहतो, रिकामा झाला की होडीसारखा उचलला जातो. फायबरचा असेल तर अख्खा वर येतो, काँक्रीटच्या पुलालाही तडे जातात.

आम्ही निम्मंच पाणी काढलं आणि तीन टँकर भरले. २४० चे १२० झाले. मग रोज संध्याकाळी ऊन उतरल्यावर लिक्विड हायपो (पातळ क्लोरीन, यात स्टॅबिलायझर नसतो), रोज ब्रश, पंप दिवसरात्र चालू, पोहणं बंद. नातवंडं आली, काठावर बसून कलिंगड खाऊन गेली. काका आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होते.

उरलेलं काम पावसाने केलं. मुंबईत जून ते सप्टेंबर दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि काकांच्या पुलाची सरासरी खोली आहे चार फूट. मोठ्या पावसाचा अंदाज आला की फूटभर पाणी काढायचं आणि पावसाला भरू द्यायचं. एका वेळी पाव हिस्सा बदलतो: १२० चे ९०, ९० चे ६७, ६७ चे ५०. जुलै संपेपर्यंत तीन फेऱ्या झाल्या, टँकर एकही नाही. भरलेल्या पुलावर पाऊस नुसता ओसंडू दिला तर तेवढा फायदा होत नाही, कारण वरचं ताजं पाणीच आधी वाहून जातं. पाणी उतरवल्यावर स्किमरचा (काठाजवळून वरचं पाणी ओढणाऱ्या तोंडाचा) वॉल्व्ह बंद करा आणि पंप तळाच्या जाळीवरून चालवा, नाहीतर तो हवा ओढतो. पावसाळ्यात एका वेळी फूटभरापेक्षा जास्त उतरवू नका. जमीन तेव्हाच सगळ्यात जास्त भरलेली असते. काढायच्या पाण्यातलं क्लोरीन आधी एक-दोन दिवस उतरू द्या. शेजाऱ्याच्या जास्वंदीने तुमचं काय बिघडवलंय?

बाकीच्या, पटापट

छपराखालच्या पुलात स्टॅबिलायझर कशाला? ऊनच नाही तर छत्री नको.

ठिपक्याची चाचणी ताडपत्रीखाली उभं राहून करू नका. उघड्यावर, सूर्य पाठीशी, नळी कमरेजवळ.

क्लोरीन मोजायला नमुन्यात थेंब टाकल्यावर गुलाबी चमकून लगेच पांढरं पडलं, तर क्लोरीन संपलेलं नसतं. ते इतकं असतं की रंगच खातं. नमुना पातळ करून बघा.

अल्कलिनिटीच्या (पीएच स्थिर धरणाऱ्या क्षारांच्या) आकड्यातून स्टॅबिलायझरचा तिसरा हिस्सा वजा करा. काकांची पट्टी ११० दाखवत होती, खरे उरले ३०. पीएच का घसरतोय, शिडीला गंज का चढतोय, याचं उत्तर तिथे होतं.

स्टॅबिलायझर 'खाणारी' पावडर कधी चालते, बरेचदा चालत नाही. तिचे पैसे मी गिऱ्हाइकाकडून घेत नाही.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर किंवा हायपो एका मगमध्ये, एका बादलीत, एका फ्लोटरमध्ये कधीही एकत्र करू नका. पेट घेतं, स्फोटही होतो. मी मगही वेगवेगळ्या रंगांचे ठेवतो आणि माझ्या पोऱ्याने ते बदलले तर त्या दिवशी त्याला घरी पाठवतो.

स्टॅबिलायझर खरंच कमी असेल तर तो जुन्या सुती मोज्यात भरून पाणी परत येतं त्या तोंडासमोर टांगा. ६०,००० लिटरला ३० पीपीएमसाठी १.८ किलो. विरघळून आकडा दिसायला आठवडा लागतो. दुसऱ्या दिवशी मोजून "काहीच झालं नाही" म्हणत आणखी टाकणारे मला दर हिवाळ्यात भेटतात.

काका आता हायपोवर आहेत. उन्हाने त्याचा जोर उतरतो म्हणून पंधरा दिवसांपुरताच कॅन आणतात आणि जिन्याखाली सावलीत ठेवतात. गोळ्यांचा उरलेला अर्धा ड्रम वेगळ्या कोरड्या खोलीत आहे. झाकणावर मी मार्करने लिहिलंय: 'फक्त गावी जाताना. आठवड्याला दोन.' काकांनी खाली बारीक अक्षरात विचारलंय: 'तीन?'