दातांच्या तारांमुळे तोंडात होणाऱ्या जखमांवर घरच्या घरी काय करावे

दातांना तारा लावल्यानंतर पहिले एक-दोन आठवडे ओठांच्या आतल्या बाजूला आणि गालांना जखमा होणे अगदी सर्रास घडते. ज्या नाजूक अस्तराला आजवर गुळगुळीत दातांचीच सवय होती, त्यावर आता बोलताना आणि चावताना दिवसभर ब्रॅकेटचे, म्हणजे तार धरून ठेवण्यासाठी दातांवर चिकटवलेल्या लहान तुकड्यांचे, कोपरे घासत राहतात. पुढे ते अस्तर सरावते आणि त्रास कमी होतो. मात्र तार बदलली किंवा घट्ट केली की काही दिवस तो पुन्हा डोके वर काढू शकतो. अशा वेळी बहुतेक घरांत आधी औषधाच्या दुकानातून जेल आणले जाते. जेलने थोडा वेळ बरे वाटते, पण घासणारा धातू तसाच राहिल्याने भरत आलेली जखम पुन्हा सोलली जाते. म्हणून आधी घासणारी जागा झाकावी आणि मगच जखमेकडे वळावे, हा क्रम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

घासणारी जागा शोधणे

हात स्वच्छ धुऊन आरशासमोर उभे राहावे, मोबाइलची टॉर्च लावावी आणि गाल बोटाने हलकेच बाहेर ओढून पाहावे. अशी जखम मधोमध पांढुरकी किंवा पिवळसर असते आणि तिची कड लाल असते. गाल हळूहळू सोडत आणला की जखम नेमकी कोणत्या ब्रॅकेटवर येऊन टेकते, ते कळते. सुळ्यावरच्या ब्रॅकेटचा हुक आणि शेवटच्या दाढेमागे निघालेले तारेचे टोक हे नेहमीचे दोषी असल्याने ते आधी तपासावेत.

मेण लावणे

तारा लावताना दवाखान्यातून मेणाची लहानशी डबी बहुधा दिली जाते. नसल्यास औषधाच्या दुकानात ‘ऑर्थोडॉन्टिक वॅक्स’ या नावाने ती मिळते. त्याऐवजी मेणबत्तीचे मेण किंवा च्युइंगगम वापरू नये. प्रथम दात घासून ब्रॅकेटभोवतीचे अन्नकण काढावेत. मेणाचा वाटाण्याहून लहान तुकडा तोडून तो मऊ होईपर्यंत बोटांमध्ये मळावा आणि त्याची गोळी करावी. यानंतरची पायरी बरेच जण गाळतात आणि मग मेण टिकत नाही अशी तक्रार करतात: ओठ बाजूला धरून ते ब्रॅकेट कापसाने किंवा स्वच्छ कापडाने पूर्ण कोरडे करावे, कारण ओल्या धातूवर मेण धरत नाही. मग गोळी ब्रॅकेटवर ठेवून अंगठ्याने दाबावी, तारेच्या वरून आणि खालून थोडी आत सारावी आणि वरचा भाग बोटाने गुळगुळीत करावा. मेण पुरेसे बसले असेल, तर जीभ फिरवल्यावर टोक लागत नाही, नुसता मऊ उंचवटा जाणवतो.

जेवणापूर्वी आणि दात घासताना मेण काढावे, नंतर नवा तुकडा लावावा. वापरलेले मेण पुन्हा लावू नये. रात्री ते तसेच ठेवून झोपण्यास हरकत नाही आणि चुकून थोडे गिळले गेले तरी सहसा अपाय होत नाही.

टोचणारे टोक बारीक, लवचीक तारेचे असेल, तर पेन्सिलच्या मागच्या स्वच्छ खोडरबराने किंवा कापसाच्या काडीने ते हलकेच दाताकडे वळवून पाहावे. जाड तार मात्र घरी कापू नये, कारण तुटलेला तुकडा घशात किंवा श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. तिच्यावर मेण लावून दवाखान्यात फोन करावा.

जखमेला आराम देणे

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवून, ते पाणी अर्धा मिनिट तोंडात खेळवून थुंकावे. जेवणानंतर आणि झोपण्यापूर्वी, असे दिवसातून तीन-चार वेळा केल्यास जखम स्वच्छ राहते आणि ठणका कमी होतो. अल्कोहोल असलेला माउथवॉश झोंबतो, तो या दिवसांत टाळावा.

तरीही दुखत असेल, तर जागा बधिर करणारे जेल कापसाने टिपलेल्या जखमेवर अगदी थोडे लावता येते. पण बधिरपणा असेपर्यंत गरम चहा किंवा जेवण घेऊ नये, कारण गाल चावला गेला किंवा भाजला तरी कळत नाही. एक गोष्ट पालकांनी आवर्जून पाहावी. तोंड आल्यावर लावायच्या काही जेलमध्ये कोलिन सॅलिसिलेट असते आणि 16 वर्षांखालील मुलांना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. तारा लावणाऱ्यांत याच वयाची मुले अधिक असल्याने ट्यूबवरील घटक वाचणे गरजेचे आहे. ॲस्पिरिनची गोळी जखमेवर ठेवणे किंवा लवंगेचे तेल थेट चोळणे हे उपाय तर करूच नयेत; दोन्हींमुळे तोंडातील अस्तर भाजते.

खाणे आणि दात घासणे

मऊ वरण-भात, मुगाची खिचडी, दहीभात, पेज, उपमा, केळे हे पदार्थ निवू देऊन खावेत. गार ताक किंवा दही विशेष बरे वाटते. तिखट रस्सा, चिंच-लिंबू, लोणचे जखमेला झोंबतात. चकली, चिक्की, कडक भाकरीचे पापुद्रे जखम तर खरवडतातच, शिवाय ब्रॅकेटही निखळवतात. दुखते म्हणून दात घासणे सोडू नये, कारण अडकलेल्या अन्नामुळे हिरड्या सुजतात आणि त्रासात भर पडते. मऊ ब्रश घ्यावा. वारंवार तोंड येत असेल, तर सोडियम लॉरिल सल्फेट हा फेस आणणारा घटक नसलेली टूथपेस्ट वापरून पाहावी.

डॉक्टरांना कधी दाखवावे

ब्रॅकेट किंवा तारेचे घासणे थांबले की साधी जखम साधारण आठवडा-दीड आठवड्यात भरते. दोन आठवड्यांनंतरही ती तशीच असेल, वाढत असेल, ताप किंवा सूज असेल, अथवा गिळणे कठीण होत असेल, तर थांबू नये. तारांचा स्पर्श होत नाही अशा जागी पुन्हा पुन्हा फोड येत असतील, तर जीवनसत्त्व बी 12, फॉलिक ॲसिड किंवा लोहाची कमतरता तपासावी लागते. शाकाहारी घरांत बी 12 कडे विशेष लक्ष द्यावे. दवाखान्यात कोणते टोक टोचते ते बोटाने नेमके दाखवावे, म्हणजे डॉक्टरांना ते कापून किंवा आत वळवून देता येते.