फास्टिंग शुगर जास्त येतेय? मग रिपोर्टमध्ये लिव्हरकडे असं बघा

रात्री भाकरी-भाजीच खाल्ली, गोडाला हातही लावला नाही, तरी सकाळी फास्टिंग १४५ कशी काय? वजन जास्त असलेल्या टाइप टू डायबिटीस वाल्यांचा हा नेहमीचा प्रश्न. तर ती साखर बहुतेक वेळा जेवणातली नसतेच, लिव्हरने रात्रभर स्वतः बनवून रक्तात सोडलेली असते.

लिव्हरच्या पेशीत पीसीके१, जी६पीसी अशी जीन्स असतात, त्यांच्यावरून ग्लुकोज बनवणारी एन्झाइम्स तयार होतात. इन्सुलिन आलं की फॉक्सओ१ नावाचं प्रोटीन न्यूक्लियसच्या (पेशीच्या केंद्रकाच्या) बाहेर जातं आणि ही जीन्स गप्प बसतात. लिव्हरमध्ये चरबी साठली की इन्सुलिनचं हे ऐकणं कमी होतं, पण त्याच इन्सुलिनच्या सांगण्यावरून एसआरईबीपी-१सी या चरबी बनवणारी जीन्स चालू करणाऱ्या प्रोटीनमार्फत नवीन चरबी बनवणं मात्र जोरात चालू राहतं!! म्हणून साखर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) दोन्ही एकदम वाढतात. अर्थात सगळं जीन्सवरच नाही, पोटाच्या चरबीतून सुटणारी फॅटी अ‍ॅसिड्सही यात तेल ओततात.

आता रिपोर्ट काढा. फास्टिंग, ट्रायग्लिसराइड, एसजीओटी आणि एसजीपीटी (ही लिव्हरची एन्झाइम्स), प्लेटलेट हे सगळं एकत्र बघायचं, सुटं सुटं नाही. मग फिब-४ काढा, म्हणजे लिव्हरमध्ये व्रण (फायब्रोसिस) किती असतील याचा अंदाज देणारा आकडा: वय गुणिले एसजीओटी, त्याला प्लेटलेट (हजारात) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने भागायचं. समजा वय ५४, एसजीओटी ४०, एसजीपीटी ३६, प्लेटलेट १.८ लाख, म्हणजे २१६० भागिले १०८०, उत्तर २. यातला एकही आकडा लॅबने लाल केलेला नसेल, पण १.३ च्या वर आलं की डॉक्टरांना फायब्रोस्कॅनबद्दल (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) विचारायचं (६५ च्या पुढे वय असेल तर २ च्या वर). "एसजीपीटी नॉर्मल आहे ना, मग झालं" यावर अजिबात जाऊ नका.

टेप घेऊन कंबर पण मोजा, आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंमी ही मर्यादा धरतात. बारीक दिसणाऱ्यांनी पण मोजा, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांनी २००४ मध्ये स्वतःची आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांची तुलना छापली होती, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) दोघांचा २२.३, पण अंगातली चरबी युडकिनना ९.१ टक्के आणि याज्ञिकांना २१.२.

करायचं काय तर वजन उतरवायचं, बाकी सगळं त्यानंतर. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे डॉक्टर रॉय टेलर यांच्या २०११ च्या छोट्या अभ्यासात रोज ६०० कॅलरीवर ठेवलेल्या लोकांची फास्टिंग एका आठवड्यात नॉर्मलला आली आणि लिव्हरची चरबी तेवढ्यातच साधारण ३० टक्के उतरली. हे घरी आपल्या मनाने करू नका प्लीज, ग्लिमेपिराइड (साखर कमी करणारी गोळी) किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी केल्यावर शुगर एकदम खाली जाते, आधी डोस बदलून घ्यावा लागतो. घरच्या घरी सुरुवात कोल्ड्रिंक, पॅकेटचा ज्यूस आणि चहातल्या साखरेपासून करा, कारण त्यातलं फ्रुक्टोज (साखरेचाच एक प्रकार) लिव्हरमध्ये सीएचआरईबीपी नावाच्या प्रोटीनला जागं करतं आणि तेही चरबीच बनवायला लावतं. दारू बंदच. मेटफॉर्मिन ही डायबिटीसची गोळी लिव्हरचं ग्लुकोज बनवणं कमी करतं, त्यामुळे "आता बरं वाटतंय" म्हणून ती सोडू नका.

तीन महिन्यांनी एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट) आणि हेच सगळे आकडे परत काढा, शक्यतो त्याच लॅबमधून.