पुण्यात घर बांधताय? या चुका टाळा

एप्रिलमध्ये रात्री नऊला पश्चिमेकडच्या बेडरूमच्या भिंतीला आतून हात लावून बघा. कणकण असलेल्या माणसाच्या कपाळासारखी लागते. बाहेर पुण्याची हवा तोवर निवलेली असते, आत मात्र एसी सुरू. आमच्या ऑफिसात सगळ्यात जास्त तक्रार हीच येते.

चूक नकाशावरच झालेली असते. 'व्ह्यू' पश्चिमेला, म्हणून छतापर्यंतची काचही पश्चिमेला. चार वाजताचं ऊन तिरपं येतं, त्याला वरचा छज्जा काय अडवणार? शिवाय नव्या टॉवरच्या भिंती काँक्रीटच्या, आणि काँक्रीट विटेपेक्षा जास्त उष्णता आत आणतं. बरं, पश्चिम बंदच करावी तर पुण्यात उन्हाळ्याचा वाराही बहुतेक तिकडूनच येतो. म्हणून तिथे खिडक्या लहान ठेवा, त्यांना बाहेरून उभे आडोसे द्या आणि वारा बाहेर पडायला समोरच्या बाजूला मोठी खिडकी ठेवा. जिना, बाथरूम पश्चिमेला गेलं तर उत्तमच. घर आधीच बांधून झालं असेल तर बाहेरून बांबूचा चिक, म्हणजे पट्ट्यांचा पडदा लावा. अंगण असेल तर करंज. आतल्या जाड पडद्याचा उपयोग थोडाच, ऊन तोवर काचेतून आत आलेलं असतं.

इको-निवास संहितेत (घरांच्या ऊर्जाबचतीची केंद्राची नियमावली, २०१८) भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेला प्रति चौरस मीटर १५ वॉटची मर्यादा आहे. तुमच्या नकाशाचा आकडा किती, हे आर्किटेक्टला विचाराच. तो चाचरला तर समजून घ्या.

मेच्या मध्याला सूर्य पुण्यात बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा सगळा मार गच्चीला. तिथे काळं डांबरी शीट उघडं ठेवू नका. पांढरा चायना मोझॅक (टाइल्सच्या तुकड्यांचा थर) करा.

दोन ट्रॅकची सरकती खिडकी निम्मीच उघडते, हे ताबा घेतल्यावर कळतं. त्यात बाल्कनी बंद करून 'एक खोली वाढली' म्हणायचं! स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवत राहतो. तिघं दार लावून झोपले की कार्बन डायऑक्साइड साचतो आणि सकाळी डोकं जड. वरची झडप तरी उघडी ठेवा.

पावसाळ्यात कोपऱ्यात काळी बुरशी दिसली की लोक आतून वॉटरप्रूफ रंग मारतात. पुढच्या श्रावणात त्याच रंगाला फुगे. पाणी बाहेरून येतंय, तर शोधही बाहेरच घ्यायचा: खिडकीच्या उंबऱ्याचा उतार आत आहे का, छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तुटायला खाच आहे का, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कोपऱ्यातला वाटा, म्हणजे सांध्यातला सिमेंटचा गोलसर भराव, फुटलाय का. ते दुरुस्त करा, भिंत पूर्ण वाळू द्या, मगच कमी व्हीओसीचा (हवेत उडणारी रसायनं कमी असलेला) रंग. त्याला वास येत नसला, तरी ओल्या भिंतीवर तोही टिकत नाही.

गच्चीचं पाणी फिल्टरशिवाय बोअरमध्ये सोडू नका. पुण्याखाली बेसाल्ट आहे, पाणी त्याच्या फटींतूनच मुरतं आणि गाळाने त्याच फटी बुजतात. फिल्टर मेअखेरीस कोण धुणार, ते नाव सोसायटीच्या मीटिंगमध्येच लिहून घ्या.