प्लाय, एमडीएफ, ब्लॉकबोर्ड: कोल्हापुरात घराचं काम काढताना या चुका टाळा

पावसाळ्यात ओट्याखालचं कपाट फुगलं की शिव्या कंपनीला बसतात. बहुतेक वेळा बोर्ड चुकीच्या जागी लावलेला असतो, नाहीतर त्याची कापलेली कड उघडी ठेवलेली असते. भारीतला प्लाय घेऊनही हे दोन घोळ टळत नाहीत.

‘वॉटरप्रूफ’ शब्दावर विसंबणं

दुकानात सगळंच वॉटरप्रूफ असतं. तुम्ही शिक्का वाचा. आयएस ३०३ (प्लायचं भारतीय मानक) मधला एमआर, म्हणजे मॉइश्चर रेझिस्टंट, प्लाय दमट हवा सोसतो, साचलेलं पाणी नाही. तो हॉलमधल्या शोकेसला, बेडला, कपाटाला ठीक. स्वयंपाकघरात किमान बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) हवा. सिंकखाली आणि बाथरूमच्या भिंतीला लागून असेल तिथे आयएस ७१० चा मरीन घ्या. त्याचा गोंद ७२ तास उकळत्या पाण्यात टिकला पाहिजे, अशी चाचणी आहे. आयएसआय चिन्हाखालचा सीएम/एल (परवाना) नंबर भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. दोन मिनिटांचं काम आहे, पण कुणी करत नाही.

बीडब्ल्यूआर आणि मरीनमधल्या फिनॉलच्या गोंदाची रेष कडेला काळपट-तांबूस दिसते. मात्र साध्या गोंदात रंग मिसळूनही तशी रेष आणता येते, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका. वीतभर तुकडा मागून घ्या आणि पातेल्यात चार-पाच तास उकळा. एमआर असेल तर थर सुटायला लागतात. शीटच्या चारही कडा उजेडात बघा: आतल्या थरांत फटी किंवा एकावर एक चढलेले तुकडे दिसले तर तिथे स्क्रू धरणार नाही. जाडीही मोजा. १८ एमएमच्या भावात १६ चा माल गळ्यात पडू शकतो.

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड कुठेही लावणं

एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड. त्यावर रंग आणि सीएनसीची (संगणकावर चालणाऱ्या मशीनची) नक्षी झकास येते, म्हणून शटर आणि देवघराची जाळी यांना तो चांगला. साधा एमडीएफ ओट्याखाली नको. तिथे हवाच असेल तर एचडीएचएमआर (ओल जास्त सोसणारा दाट बोर्ड) बघा, आणि तोही कडा बंद करूनच. लाकडाचा चुरा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड एकदा फुगला की वाळवून जागेवर येत नाही. तेवढा भाग कापून बदलायचा, दुसरा इलाज नाही. पुस्तकांच्या फळीला १८ एमएम पार्टिकल बोर्ड दोन फुटांपुढे नेला की मध्ये झोल येतो.

दोन्हींच्या कडेत थेट स्क्रू मारला की बोर्ड चिरतो. ७×५० एमएमचा कन्फर्मॅट (बोर्ड जोडायचा जाड आट्यांचा) स्क्रू वापरा: कडेत ५ एमएमचं भोक, वरच्या बोर्डात ७ एमएमचं, आणि कोपऱ्यापासून दोन इंच अंतर. ड्रिल मशीनचा जोर शेवटी कमी करा, नाहीतर आटे फिरतात आणि भोक ढिलं होतं.

ब्लॉकबोर्ड आडवा कापणं

सात फुटी शटरला प्लायपेक्षा ब्लॉकबोर्ड (मध्ये लाकडाच्या पट्ट्या जोडलेला) हलका आणि सरळ राहतो, पण आतल्या पट्ट्या शटरच्या उंचीच्या दिशेने असतील तरच. शीट वाचवण्यासाठी मिस्त्रीने आडवं कापलं, तर पट्ट्या आडव्या येतात आणि शटर वाकतं. कापण्याआधी कडेला बघून पट्ट्यांची दिशा खडूने मारून ठेवायला सांगा.

शटर वाकलंच, तर आधी मागची बाजू बघा. बाहेरून १ एमएम सनमायका आणि आतून कोरा बोर्ड असला की एकच बाजू दमट हवा ओढते. आतूनही ०.७ किंवा ०.८ एमएमचा लायनर (पातळ सनमायका) लावायचा असतो.

पाठ आणि पाय विसरणं

कपाटाची पाठ आणि सिंकच्या पाइपासाठी पाडलेलं भोक दिसत नाही म्हणून कोरं राहतं. ओल नेमकी तिथूनच शिरते. भोकाच्या कडेला प्रायमरचे दोन हात आणि सिलिकॉन, बाकी कडांना पीव्हीसी एज बँड (चिकटवायची पट्टी). पश्चिमेच्या पावसाळी भिंतीपासून कपाट अर्धा इंच सुटं ठेवा. ट्रॉलीला चार इंची पीव्हीसी पाय द्या, म्हणजे फरशी धुतलेलं पाणी बोर्डाला लागत नाही. गिलावा ओला असताना फर्निचर बसवायची घाई नको. शीट भिंतीला टेकवू नका, तीन-चार पट्ट्यांवर आडव्या रचा.

सेंट्रिंगचा प्लाय

स्लॅबच्या सेंट्रिंगला, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याला, आयएस ४९९० चा फिल्म लावलेला, साधारण १२ एमएमचा प्लाय वापरतात. कापलेली कड रंगवली नाही, तर दोन-तीन वापरांत फुगून स्लॅबच्या तळाला सांध्यांच्या रेघा उठतात. साचा सुटावा म्हणून जळकं इंजिन ऑइल लावू नका, त्याचे डाग काँक्रीटवर राहतात. हा प्लाय नंतर कपाटात वापरायचा मोह होतो, पण त्याच्या गुळगुळीत फिल्मवर सनमायका नीट धरत नाही.

पूररेषेजवळ खाली लाकूड

२०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी घरात शिरलं, तिथे तळमजल्यावर मरीन प्लायही उपाय नाही. गोंद टिकला तरी सनमायका आणि बिजागऱ्या खराब होतात, आणि आत शिरलेला गाळ सगळं वाया घालवतो. खालचा भाग जुन्या पद्धतीने कडप्प्याचा करा, त्याला अल्युमिनियमची चौकट द्या आणि शटर क्लिपच्या बिजागरीवर बसवा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं की स्क्रू न काढता शटर उतरवून माळ्यावर टाकता येतात.