ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धेत डाव पटाबाहेर घालवू नका : या चुका टाळा

गेली काही वर्षे आमच्या मित्रमंडळाची बुद्धिबळ स्पर्धा दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर होते. वीस-पंचवीस जण खेळतात. बहुतेक पुण्यात आणि नाशकात, एक कुटुंब दुबईत, दोघे न्यू जर्सीत. बक्षीस नसते, पण चुरस असते. संयोजन माझ्याकडे असल्याने स्पर्धा संपल्यावरची हळहळही माझ्यापर्यंतच येते, आणि तिच्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. घोड्याची चाल चुकली म्हणून हरलेले थोडे असतात. घड्याळ, स्पर्धेचा प्रकार, फोन किंवा एखादी सेटिंग नीट न कळल्यामुळे हातातला डाव गेलेले त्यांच्याहून पुष्कळ जास्त असतात. खेळ सुधारायला वर्षे लागतात, पण या दुसऱ्या प्रकारचे नुकसान एका संध्याकाळच्या तयारीने थांबवता येते. पुढचे सगळे लिचेसच्या अनुभवावरून लिहिले आहे. इतर संकेतस्थळांवर नियमांत थोडाफार फरक असतो, तो तिथे पाहून घ्यावा.

स्पर्धा कोणत्या प्रकारची आहे, हे न पाहता बसणे

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच आहे. हौशी स्पर्धा बहुधा दोन प्रकारच्या असतात, अरेना आणि स्विस, आणि दोन्हींत शहाणपणाने खेळण्याची रीत वेगळी आहे.

स्विसमध्ये फेऱ्या ठरलेल्या असतात. विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा, आणि प्रत्येक फेरीत शक्यतो तुमच्याइतकेच गुण असलेला प्रतिस्पर्धी मिळतो. इथे संयमाला किंमत आहे. लिचेसवर स्विस स्पर्धा एखाद्या टीमच्या अंतर्गतच घेता येते, त्यामुळे आधी त्या टीमचे सदस्य होणे आवश्यक असते. सुरू व्हायला दोन मिनिटे उरली असताना ‘मला दिसतच नाही’ असा निरोप येतो, त्याचे कारण जवळजवळ प्रत्येक वेळी हेच निघते. दुसरे म्हणजे, फेरीला तुम्ही आलाच नाहीत तर तुमचे घड्याळ चालू राहते, वेळ संपून डाव जातो, आणि पुढचे डावही जाऊ नयेत म्हणून यंत्रणा तुम्हाला स्पर्धेतून बाहेर काढते. बाहेर पडलात म्हणजे सगळे संपले असे समजून अनेक जण तिथेच सोडून देतात, पण स्पर्धेच्या पानावरून पुन्हा सामील होता येते. तिसरी तक्रार बरोबरीची असते: ‘आम्ही दोघेही राजी होतो, पण ड्रॉ देताच येईना.’ लिचेसच्या स्विसमध्ये तीस चाली होण्याआधी परस्परसंमतीने बरोबरी करता येत नाही. तो बिघाड नसून नियम आहे.

अरेनाचे गणित निराळे आहे. इथे फेऱ्या नसतात, ठरावीक वेळ असतो, समजा एक तास. एक डाव संपला की स्पर्धेच्या मुख्य पानावर परतायचे आणि पुढची जोडी लागते. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक, पराभवाला शून्य. मात्र लागोपाठ दोन डाव जिंकलेत की तुमच्या नावापुढे ज्वाला पेटते आणि तिथून पुढे, जिंकण्याची मालिका तुटेपर्यंत, दुप्पट गुण मिळतात. चार डाव सलग जिंकणाऱ्याला दोन, दोन, चार, चार असे बारा गुण होतात; एक जिंकत एक हरत आठ डाव खेळून तेवढेच चार विजय मिळवणाऱ्याला आठच. हे माहीत नसलेला माणूस ज्वाला पेटलेली असताना सुखासुखी बरोबरी स्वीकारतो. त्या बरोबरीचे दोन गुण मिळतात खरे, पण मालिका तिथेच संपते. शिवाय सलग बरोबऱ्या होत गेल्या तर पहिल्या बरोबरीनंतर कमी चालींत संपलेल्या डावांच्या बरोबरीला गुणच मिळत नाहीत, आणि ती साखळी तोडायला विजयच लागतो.

डाव संपला की लगेच त्याचे विश्लेषण उघडून बसणे हीसुद्धा अरेनातली चूक आहे. कुठे चुकलो हे पाहण्याची ओढ मी समजू शकतो, पण स्पर्धेचे घड्याळ तुमच्यासाठी थांबत नाही. विश्लेषण रात्रीही करता येते.

आणि शेवटची काही मिनिटे. स्पर्धेचे घड्याळ शून्यावर आले की क्रमवारी जागच्या जागी गोठते, आणि चालू असलेला डाव पुढे खेळता आला तरी तो धरला जात नाही. आमच्याकडे गेल्या वर्षी एक जण पहिल्या क्रमांकापासून दोनच गुणांनी मागे होता, ज्वाला पेटलेली, एक हत्ती जास्तीचा. त्याच्या डावाच्या घड्याळात तीन मिनिटे होती, म्हणून तो निवांतपणे सुंदर मात शोधत होता. स्पर्धेच्या घड्याळात मात्र चाळीसच सेकंद उरले होते. त्याने मात दिली ती स्पर्धा संपल्यावर साधारण वीस सेकंदांनी, आणि चार गुण त्याला कधीच मिळाले नाहीत. स्पर्धा नेमकी किती वाजता संपते ते कागदावर लिहून समोर ठेवा, आणि शेवटच्या टप्प्यात आपल्या घड्याळापेक्षा त्या वेळेकडे अधिक लक्ष द्या.

बर्सर्क या बटणाबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत, कारण नवखे ते कुतूहलापोटी दाबतात. ते दाबले की तुमचा वेळ निम्मा होतो आणि दर चालीला मिळणारे जादा सेकंदही जातात. बदल्यात जिंकल्यास एक गुण अधिक मिळतो, तोही डावात किमान सात चाली खेळल्या असतील तरच. तीन मिनिटांच्या डावात दीड मिनिट घेऊन बसणे हे ज्याचा हात सरावलेला आहे त्याचे काम आहे.

वेळ : पत्रिकेतली आणि घड्याळातली

‘रविवारी रात्री साडेआठला’ एवढाच निरोप पाठवणे ही संयोजकाची चूक आहे आणि ती मी स्वतः केली आहे. पुण्यात रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा दुबईत सात वाजलेले असतात, तर न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे अकरा आणि हिवाळ्यात दहा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे सरकतात, आणि आमची स्पर्धा नेमकी दुसऱ्या रविवारी असल्याने मार्चमध्ये दोघे खेळाडू एक तास आधीच उगवले. आता मी नुसती वेळ न लिहिता स्पर्धेचा दुवा पाठवतो, कारण त्या पानावर ज्याला त्याला आपापल्या गावची वेळ दिसते.

डावाची वेळ ‘३+२’ अशी लिहिलेली असते, तिचा अर्थही अनेकांना नीट ठाऊक नसतो. तीन मिनिटे सुरुवातीला, आणि प्रत्येक चालीनंतर दोन सेकंद जादा. चाळीस चालींच्या डावात ही भर ऐंशी सेकंदांची होते, म्हणजे प्रत्यक्षात तुमच्याकडे चार मिनिटे वीस सेकंद असतात. ‘१०+५’ असेल तर तेरा मिनिटे वीस सेकंद. ‘५+०’मध्ये यांपैकी काहीच मिळत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या दहा चालींत दोन मिनिटे विचार करणारा शेवटी जिंकता जिंकता वेळेवर हरतो. पहिली चाल करण्यासाठी अरेनात स्वतंत्र उलटी मोजणी असते, ती संपली तर डाव गेला. चहा आणायला जोडी लागण्याआधी उठा, नंतर नको.

जिंकलेला डाव बरोबरीत सोडणे

प्रतिस्पर्ध्याचा एकटा राजा, आपल्याकडे वजीर, घड्याळात सहा सेकंद. हौशी स्पर्धेत सर्वाधिक रडारड इथे होते, म्हणून एक स्थिती नीट पाहू (उभ्या स्तंभाचे अक्षर आणि आडव्या रांगेचा आकडा मिळून घराचे नाव होते). काळा राजा जी८ वर आहे, पांढरा वजीर ई७ वर, पांढरा राजा दूर. चाल काळ्याची, आणि त्याला एकच घर उपलब्ध आहे: एच८. पांढऱ्याने घाईत आधीच चाल लावून ठेवली, म्हणजे प्रीमूव्ह केली, की वजीर एफ७ वर न्यायचा, राजाला आणखी आवळायचे. काळा राजा एच८ वर गेला आणि त्याच क्षणी वजीर एफ७ वर पोचला. आता काळ्याला शह नाही, पण जी८, जी७, एच७ ही तिन्ही घरे वजिराच्या माऱ्यात आहेत. चालच उरली नाही. स्टेलमेट, डाव बरोबरीत.

करायचे होते ते याहून सोपे होते. वजीर ई७ वरच ठेवला असता तर काळा राजा जी८ आणि एच८ या दोन घरांतच येरझाऱ्या घालत राहिला असता. तेवढ्यात आपला राजा शांतपणे जी६ वर आणायचा आणि वजीर ई८ वर नेला की मात. डाव ३+२ असेल तर प्रत्येक चालीला दोन सेकंद मिळतच असतात, त्यामुळे सहा सेकंद पुरतात. एकट्या राजाविरुद्ध वजिराची प्रीमूव्ह लावू नका. लावायचीच तर आपल्या राजाची लावा.

याच प्रसंगाची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. तुमचा वेळ संपला, पण प्रतिस्पर्ध्याकडे नुसता राजा असेल, तर डाव हरत नाही, बरोबरीत सुटतो. उलट त्याच्याकडे एक प्यादे जरी शिल्लक असले तरी वेळ संपताच तुम्ही हरता. म्हणून वेळ कमी असताना मात शोधण्याआधी त्याचे ते शेवटचे प्यादे मारून टाकणे पुष्कळदा योग्य ठरते. आणि तीच स्थिती तिसऱ्यांदा पटावर आली तर बरोबरीचा दावा करता येतो. सेटिंगमध्ये तो आपोआप होण्याची सोय निवडलेली नसेल, तर लिचेसवर दाव्याचे बटण स्वतः दाबावे लागते.

फोनवर खेळणाऱ्यांचे बोट घसरून वजीर शेजारच्या घरात पडतो, आणि स्पर्धेत चाल मागे घेता येत नाही. सोंगटी ओढत नेण्याऐवजी आधी सोंगटीवर आणि मग घरावर टिचकी मारण्याची सवय लावली तर हे बरेच कमी होते. पटाच्या शेवटच्या रांगेत पोचलेल्या प्याद्याचा आपोआप वजीर व्हावा की विचारून व्हावा, हेसुद्धा स्पर्धेच्या आधीच सेटिंगमध्ये पाहून ठेवा.

संपर्क तुटणे

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच खेळाडूंचे आहे. ३० ऑगस्ट २०२० रोजी पहिल्या ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम लढतीत, नाशिकच्या विदित गुजराथीच्या नेतृत्वाखाली खेळणाऱ्या भारताचा सामना रशियाशी होता. त्या वेळी जगात अनेक ठिकाणी इंटरनेट विस्कळीत झाले, निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटला आणि दोघांचेही डाव वेळेवर गेले. भारताने दाद मागितली आणि अखेर फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, दोन्ही संघांना संयुक्त विजेते ठरवले. आपल्या रविवारच्या स्पर्धेत दाद मागायला फिडे नसते, त्यामुळे तयारी आपणच करायची असते.

उपाय अगदी साधा आहे. संगणकावर घरच्या वायफायने खेळत असाल तर शेजारी फोन ठेवा, त्याच खात्याने लॉग इन केलेला आणि मोबाइल डेटावर चालणारा. वायफाय गेले की फोनवर डाव जिथे होता तिथून पुढे खेळता येतो. घड्याळ तेवढ्या वेळात चालू असते, म्हणून पासवर्ड आठवत बसण्याची ती वेळ नव्हे. फोनवरच खेळत असाल तर ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा आणि बॅटरी वाचवण्याची सोय बंद करा. समोरच्याचा संपर्क तुटला तर थोड्या वेळाने विजयाचा दावा करण्याचे बटण तुम्हाला दिसते. मैत्रीच्या स्पर्धेत ते लगेच दाबायचे की अर्धे मिनिट थांबायचे, हे मंडळाने आधी ठरवून सर्वांना कळवावे. आम्ही थांबतो.

‘मैत्रीचीच तर आहे’ म्हणून मदत घेणे

फसवण्याचा हेतू नसलेली माणसेसुद्धा ही चूक करतात. जून २०२१ मध्ये कोविड मदतनिधीसाठी विश्वनाथन आनंद यांनी अनेक नामवंतांशी ऑनलाइन प्रदर्शनीय डाव खेळले. त्यांतल्या एका हौशी खेळाडूने संगणकाची आणि जाणकारांची मदत घेऊन आनंद यांना हरवले, आणि पुढे ते उघडपणे मान्य करून माफी मागितली. उद्देश चांगला, वातावरण खेळीमेळीचे, तरीही समोरच्या माणसाने केलेला प्रामाणिक विचार त्यामुळे वाया गेला, आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते.

आपल्या घरांत मदतीचे रूप साधे असते. मुलगा खेळत असतो आणि मागे उभे राहून बाबा म्हणतात, ‘अरे, उंट बघ की.’ किंवा चालू डावाचे चित्र कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो आणि खाली तीन जण चाल सुचवतात. दुसऱ्या टॅबमध्ये इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा संगणकी प्रोग्रॅम, उघडणे आणि हे, नियमाच्या दृष्टीने एकच आहे. आमच्याकडे आता स्पर्धा चालू असताना गटावर चालू डावाबद्दल काहीही लिहायचे नाही, असे ठरले आहे. संपलेल्या डावावर मात्र हवे तेवढे बोलावे. लहान मुलांच्या पालकांना मी आदल्या दिवशी फोन करून सांगतो की त्यांनी दुसऱ्या खोलीत बसून प्रेक्षक म्हणून डाव पाहावा.

आणि एखाद्याबद्दल शंका आलीच, तर ती गटावर जाहीर लिहू नका. डावाचा दुवा संयोजकाला एकट्याला पाठवा, किंवा संकेतस्थळावरील तक्रारीची सोय वापरा. एखादी संध्याकाळ कोणाचीही फार चांगली जाऊ शकते. आमच्या मंडळात एका काकांनी सलग सहा डाव जिंकले तेव्हा दोघांनी कुजबुज केली होती. मी ते सहाही डाव पाहिले. दोन डावांत त्यांनी स्वतःचा घोडा फुकट दिला होता आणि समोरच्याला तो दिसला नव्हता.