पन्नाशीनंतर जाहिरातीत काम करायचे असेल तर

डॉ. श्रीराम लागू यांनी चाळिशी ओलांडल्यावर, १९६९ मध्ये, वैद्यकीय व्यवसाय सोडून पूर्णवेळ अभिनय पत्करला. परंतु त्यामागे हौशी रंगभूमीवरची कित्येक वर्षे होती. म्हणून पहिली सूचना अशी, की नोकरी सोडण्याची घाई करू नये आणि राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या ठाण्यातील किंवा वाशीतील एखाद्या हौशी संस्थेत आधी तालमींना बसावे. शासकीय सेवेत असलेल्यांनी बाहेरचे मानधन स्वीकारण्यापूर्वी कार्यालयाची परवानगी घ्यावी.

जाहिरातीला सासरे, आजी, बँकेचे व्यवस्थापक, निवृत्त शिक्षक हवे असतात आणि ते तसेच दिसावे लागतात. त्यामुळे फोटोपुरते केस काळे करणे किंवा दहा वर्षांपूर्वीचा फोटो पाठवणे ही मोठी चूक ठरते. खिडकीच्या उजेडात, साध्या भिंतीसमोर, मेकअप न करता समोरून, दोन्ही बाजूंनी आणि पूर्ण उंचीचा फोटो घ्यावा. एक फोटो हसरा असावा. परिचयाच्या चित्रफितीत नाव, वय, उंची, राहण्याचे ठिकाण आणि येणाऱ्या भाषा सांगून चेहऱ्याच्या दोन्ही बाजू (प्रोफाइल) व हात दाखवावेत. मराठी वळणाची हिंदी लपवू नये, कारण कित्येकदा नेमकी तीच हवी असते.

बऱ्याच ऑडिशन अंधेरीत, वर्सोव्याच्या आरामनगर परिसरात होतात. ठाण्याहून लोकलने घाटकोपर आणि तेथून मेट्रोने वर्सोवा हा मार्ग सोयीचा आहे. वाशीकरांना कुर्ल्याला गाडी बदलून घाटकोपर गाठता येते. दाराशीच 'नॉट फिट' असे ऐकावे लागले, तर तो अभिनयावरचा शेरा समजू नये. त्या भूमिकेसाठी ठरवलेल्या चेहऱ्याशी आपला चेहरा जुळला नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो.

ऑडिशनसाठी, नोंदणीसाठी किंवा कलाकार म्हणून ओळखीच्या 'कार्डा'साठी कोणी पैसे मागितले, तर तेथून सरळ निघावे. कलाकारांना काम मिळवून देणाऱ्या को-ऑर्डिनेटरचे कमिशन मिळालेल्या मानधनातून जाते, आगाऊ द्यायचे नसते. निवृत्तीची रक्कम हाती असलेल्या माणसाला गाठून पोर्टफोलिओच्या, म्हणजे फोटोसंचाच्या, नावाखाली लुबाडणारे लोक या क्षेत्रात आहेत, हे मी कळकळीने सांगतो.

निवड झाल्यावर आनंदाच्या भरात सही करू नये. जाहिरात टीव्हीवर, डिजिटलवर की फलकांवरही दिसणार, किती काळ आणि कोणत्या प्रदेशात दिसणार, मुदत वाढवल्यास वेगळे मानधन मिळणार का, आणि त्या काळात प्रतिस्पर्धी उत्पादनाची जाहिरात करण्यास मनाई आहे का, हे लेखी घ्यावे. एका चहाच्या जाहिरातीसाठी अशी वर्षभराची अट मान्य केली, तर पुढच्या चहाच्या ऑडिशनला जाण्यापूर्वीच ती सांगावी लागते. मानधन बहुधा चित्रीकरणानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी येते. तेव्हा चित्रीकरणाची तारीख, ठरलेली रक्कम, बिल पाठवल्याचा दिवस आणि कापलेला टीडीएस एका वहीत नोंदवून ठेवावा, आणि मुदत उलटताच लेखी स्मरणपत्र पाठवावे.